वारंवार विचारले जाणारे प्रश्न: पुस्तकं, गेम्स आणि फोंडा-पणजी बस

तेच तेच प्रश्न घरी, ऑफिसात, कुणाच्या लग्नात, चवथीला माटोळीखाली (गणपतीवर टांगतात तो फळा-पानांचा मांडव) बसून, सगळीकडे येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पुढे सरकवणार. क्रम बिम काही लावलेला नाही.

तू इतिहास शिकवतेस का कुठे?

नाही हो. पणजीत एका ऑफिसात अकाउंट्स बघते, बी.कॉम. आहे. इतिहासाची डिग्री नाही, दहावीला इतिहासात मार्कही काही खास नव्हते कारण तेव्हा सनावळ्या पाठ करायला लागायच्या आणि त्या सनांना पुढे-मागे काय चिकटलंय ते कुणी सांगायचं नाही. पण अकाउंट्सवाल्या माणसाला इतिहास जमतो असं माझं मत आहे. लढाईचं वर्णन वाचताना माझा पहिला प्रश्न असतो, पगार कुणी दिला आणि दाणागोटा कुठून आला.

वाचायला वेळ कधी मिळतो?

बसमध्ये. फोंड्याहून सकाळची बस, फर्मागुडी, म्हार्दोळ, मंगेशी, मग बाणस्तारीचा पूल, ओल्ड गोवा, आणि नशीब असेल तर रायबंदरवरून जाणारी. बसायला मिळालं तर पंधरा-वीस पानं होतात, उभं राहिलं तर कंडक्टरचं "फाटीं वच गो, फाटीं!" ऐकत फक्त खांब धरायचा. कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये बसून कदंब राजांवर वाचलंय मी, म्हणजे चंद्रपूर (आताचं चांदोर) सोडून त्यांनी राजधानी गोपकपट्टणला का हलवली वगैरे, आणि बाजूच्या काकी विचारतात, "परीक्षा आसा गो तुका?"

रायबंदरवरून गेलं तर शेवटी जो लांबलचक बांध लागतो ना, मिठागरांच्या बाजूने, तो १६३३-३४ मध्ये कोंदे द लिन्यारेस या व्हाइसरॉयने बांधून घेतला. लोक त्यावरून रोज ऑफिसला जातात आणि खिडकीतून मोबाइल बघतात. मीही बघते, सोमवारी.

ही गेम्सची सवय कधी लागली?

शाळेत असताना फोंड्याला बाजाराजवळ एक सायबर कॅफे होता, सहा कॉम्प्युटर, त्यातले दोन कायम बंद. माझा दादा तिथे जायचा आणि मला घरी ठेवलं तर मी आईला सांगेन म्हणून मलाही न्यायचा. तिथे एज ऑफ एम्पायर्स टू होता, १९९९ चा. दादा सैन्य बनवायचा आणि मी बाजूला बसून ओरडायचे की अरे आधी शेतं लाव, लाकूड संपलंय तुझं. तो हरायचा. मग एकदा मला माउस दिला आणि नंतर तो परत मिळाला नाही त्याला. दादाने सोडलं सगळं, आता बाईकवर बोलतो फक्त. मी अजून खेळते.

मुली असले गेम खेळतात?

हो.

गेममध्ये दाखवतात तो इतिहास खरा असतो का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, त्यात सुद्धा भाच्याच्या मित्रांकडून, म्हणून जरा नीट लिहिते.

त्याच गेममध्ये २०१५ साली पोर्तुगीज आले. त्यांची एक खास इमारत आहे, फैतोरिया. ती बांधली की बास, एकही कामकरी न लावता अन्न, लाकूड, सोनं, दगड सगळं आपोआप थेंब थेंब येत राहतं, फक्त लोकसंख्येतल्या वीस जागा खाते. मला पहिल्यांदा बघून हसूच आलं. फैतोरिया म्हणजे आपली वखार. आणि खरी वखार कशी चालायची? पोर्तुगीजांनी कालिकतला घातलेली पहिलीच वखार डिसेंबर १५०० मध्ये जमावाने उद्ध्वस्त केली, पन्नासहून जास्त पोर्तुगीज मेले, कारण मिरीच्या व्यापारावरून आधीच्या व्यापाऱ्यांशी भांडण पेटलं होतं. म्हणजे वखार म्हणजे नुसतं गोदाम नाही, ती चालते शेजाऱ्यांच्या मर्जीवर, दलालावर, स्थानिक राजाच्या मूडवर. गेमने ती सगळी माणसंच काढून टाकली आणि सोनं तेवढं ठेवलं. पण दुसरीकडे बघा, गेम बनवणाऱ्यांनी एवढं तरी बरोबर पकडलं की पोर्तुगीजांचं बळ जमिनीत नव्हतं, बंदरांत होतं. ही गोष्ट माझ्या शाळेच्या पुस्तकात कुठे ठळक नव्हती.

दुसरं उदाहरण शेताचं. गेममध्ये एक शेत साठ लाकडाला मिळतं, क्लिक केलं की हिरवं, एक माणूस फिरत राहतो. आता हे घेऊन आमच्या खाजनात या. खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली जमीन. माती, चिरे, पेंढा वापरून बांध, त्याला मानस, म्हणजे पाण्याचं दार, भरती आली की पाण्याच्या जोरानेच बंद होणारं आणि ओहोटीला आपोआप उघडणारं. खारं पाणी सोसणारं कोरगुट भात त्यात व्हायचं. आणि हा बांध एका माणसाचा नसतो, गांवकारीचा, म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेचा असतो, फुटला तर सगळ्यांनी धावायचं. १५२६ साली पोर्तुगीजांनी या गांवकारींचे रीतिरिवाज लिहून काढले ते उगाच नाही, त्यांना कळलं होतं की महसूल हवा तर ही व्यवस्था मोडून चालणार नाही. साठ लाकडात कुठलं बसतंय हे.

तर उत्तर असं की गेममध्ये नावं खरी असतात, तलवारी बऱ्यापैकी खऱ्या असतात, काम कसं चालायचं ते मात्र बहुतेक वेळा खोटं असतं. आणि खोटं आहे हे कळलं की खरं शोधावंसं वाटतं, निदान मला.

गेममध्ये नसतं असं एक काय सांगशील?

पाऊस.

म्हणजे दिसतो कधी कधी, स्क्रीनवर रेघा पडतात. युरोपा युनिव्हर्सालिसच्या चौथ्या भागात तर मान्सून म्हणून आहेसुद्धा, पण आकडा म्हणून आहे, सैन्य जरा जास्त झिजतं, एवढंच. चार महिने हातावर हात धरून बसणं, चप्पल वाळत नाही, बंदर बंद, दाणा सडतोय, हे कुठल्याच गेमला परवडणार नाही कारण खेळणारा उठून जाईल. आणि गोव्याचा इतिहास तर निम्मा या बसून राहण्यातच आहे!

१५१० घ्या. अल्बुकर्कने वर्षाच्या सुरुवातीला गोवा घेतलं, हे सगळ्यांना माहीत असतं. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हाकलून लावलं, हे थोड्यांना. पण हाकलल्यावर तो गेला कुठे? कुठेच नाही. पावसाळा लागला होता, मांडवीच्या मुखाशी वाळूचा दांडा, खवळलेला समुद्र, जहाजं बाहेर काढताच येईनात. ऑगस्टपर्यंत तो नदीतच अडकून पडला, किनाऱ्यावरून तोफा, आत अन्न नाही, उंदीर खाल्ले म्हणून त्यांचेच इतिहासकार लिहून ठेवतात. मग पाऊस ओसरल्यावर बाहेर पडला, जहाजं-माणसं गोळा केली आणि २५ नोव्हेंबरला परत येऊन शहर घेतलं. माझं ऑफिस जुन्या सचिवालयापासून लांब नाही, म्हणजे आदिलशहाचा वाडा होता ते. जुलैत डबा खाऊन झाला की कधी कधी छत्री घेऊन नदीकडे जाते, ते गढूळ पाणी बघते आणि वाटतं, इथेच कुठेतरी ती जहाजं हेलकावत होती आणि आतले लोक एकमेकांचं डोकं खात होते. कुठल्या गेममध्ये या तीन महिन्यांना जागा मिळेल सांगा. "नेक्स्ट टर्न" दाबलं की नोव्हेंबर.

मग १७५६. कोंदे द आल्व्हा हा व्हाइसरॉय फोंड्याच्या मर्दनगड किल्ल्यावर चालून आला तो जूनच्या शेवटी, आणि २८ जूनला मारला गेला. जूनच्या शेवटी! फोंड्यात! आमच्याकडे तेव्हा बाजारात जायचं तर दहा वेळा विचार करतात.

आणि पाऊस नाही तर भरती-ओहोटी. १६८३ मध्ये पोर्तुगीजांनी आधी फोंड्याच्या किल्ल्यावर हल्ला केला, येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी यांनी किल्ला लढवला, संभाजी महाराज मदतीला पोचले आणि पोर्तुगीज मागे हटले. त्यानंतर नोव्हेंबरात एका रात्री ओहोटीचं पाणी उतरलेलं असताना मराठे ओल्ड गोव्याजवळच्या जुवें बेटावर चढले आणि तिथला किल्ला घेतला. दुसऱ्या दिवशी व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर स्वतः परत घ्यायला गेला आणि मार खाऊन, जखमी होऊन कसाबसा पळाला. मग त्याने काय केलं तर ओल्ड गोव्यात जाऊन सेंट फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला राजदंड ठेवला, आता तूच सांभाळ म्हणून. पुढे औरंगजेबाचा मुलगा शाह आलम याची मुघल फौज येतेय म्हटल्यावर महाराजांना वळावं लागलं. आणि त्या फौजेचं काय झालं? परतताना रामघाटाकडे उपासमार आणि रोगराईने माणसं-जनावरं पटापट मेली. दाणागोटा! मी म्हटलं होतं ना.

बाणस्तारीच्या पुलावरून बस जाते तेव्हा मी अजून पाणी बघते, चढलंय की उतरलंय. सवयच लागली.

मराठे म्हणून खेळता येतं का कुठे?

येतं. एम्पायर टोटल वॉर नावाचा २००९ चा गेम आहे, त्यात मराठा संघ घेता येतो आणि खेळ १७०० पासून सुरू होतो. म्हणजे बघा, राजाराम महाराज गेले ते वर्ष, ताराबाईंनी कारभार हातात घेतला ते वर्ष, औरंगजेब स्वतः दक्षिणेत तळ ठोकून बसलेला. याहून कठीण सुरुवात कोण देणार. युरोपा युनिव्हर्सालिस फोर १४४४ पासून सुरू होतो, तिथे मराठे आधी नसतात, अटी पुऱ्या करून आपण घडवायचे. मला ते दुसरं जास्त आवडतं. एज ऑफ एम्पायर्स टूमध्ये २०२२ साली "इंडियन्स" ही एकच गठडी सोडून हिंदुस्थानी, गुर्जर, बंगाली, द्रविड असे भाग केले, त्यात मराठे नाहीत, काळच आधीचा आहे, म्हणून रडू नये.

बखरींवर किती विश्वास ठेवायचा?

याचं उत्तर मी गांधीजींवरून देते. सिव्हिलायझेशन नावाचा गेम आहे, पहिला १९९१ चा. त्याबद्दल जगभर एक गोष्ट प्रसिद्ध आहे की त्यातल्या गांधींचा आक्रमकपणा एकच पॉइंट ठेवला होता, लोकशाही आली की दोन वजा व्हायचे, आकडा शून्याखाली जाऊन उलटा २५५ व्हायचा आणि गांधी सगळ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचे. काय सुंदर गोष्ट आहे, आकड्यांसकट! मीही वर्षभर लोकांना सांगत होते. मग गेमचा कर्ता सिड मायर याने २०२० च्या आठवणींत लिहिलं की असा बग कधी नव्हताच.

तीस वर्षांपूर्वीचा गेम, बनवणारा जिवंत, तरी ही अवस्था. मग घटनेनंतर कितीतरी वर्षांनी, कुणाच्या तरी दरबारात, कुणाला तरी खूश करायला लिहिलेल्या बखरीचं काय असेल? पण बखर फेकूनही द्यायची नाही. लोकांना काय घडलंसं वाटत होतं ते त्यातच कळतं. संभाजी महाराज जुव्याला पोर्तुगीजांच्या मागे पाण्यात घोडा घालत होते आणि खंडो बल्लाळांनी त्यांना आवरलं, ही गोष्ट मला सांगायला फार आवडते, फक्त सांगताना "असं सांगतात" एवढं जोडते.

फोंड्यात एवढी देवळं कशी?

पाहुण्यांचा आवडता प्रश्न. सरळ आहे, बॉर्डर. सोळाव्या शतकात गोव्यातले तिसवाडी, बार्देश, सासष्टी पोर्तुगीजांकडे, आणि झुआरीच्या अलीकडचं फोंडा त्यांच्या ताब्यात नव्हतं. तिकडे देवळं पाडायला लागले तेव्हा लोकांनी देव उचलले आणि नदी ओलांडली. मंगेश कुठ्ठाळीहून १५६० मध्ये, म्हाळसा वेर्ण्याहून, शांतादुर्गा केळशीहून. फोंडा पोर्तुगीजांकडे आलं ते १७६३ साली, दोनशे वर्षांनी, तोपर्यंत त्यांचं ते धोरण निवळलं होतं. माझी बस रोज सकाळी म्हार्दोळ आणि मंगेशीला थांबते, म्हणजे जुनी सरहद्दच म्हणायची, फक्त आता तिथे शहाळी आणि अबोलीचे वळेसर विकतात.

घरी कोंकणी बोलता, मग वाचन मराठीत कसं?

यात काय विचारायचं, आमच्या पिढ्यान् पिढ्या तसंच आहे. भांडण कोंकणीत, आरती मराठीत, पेपर मराठीत, शिव्या दोन्हीत. आणि हे नवीन नाही, १६१६ साली राशोलला फादर थॉमस स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठीत, लिपी रोमन. इंग्रज माणूस, पोर्तुगीज राज्य, मराठी ओव्या. याच्यावर वाद घालायला कुणी येणार असेल तर चहा घेऊन या.

आधी काय वाचू?

गोव्यापासून सुरुवात करायची असेल तर डॉ. पांडुरंग पिसुर्लेंकर. त्यांनी गोव्याच्या दफ्तरखान्यात आयुष्य घालवलं आणि पोर्तुगीज कागदांतले मराठे बाहेर काढले. भाषा रुक्ष आहे, आधीच सांगते, गोष्टीची हौस असेल तर झोप येईल. पण शत्रू आपल्याबद्दल घरी काय लिहीत होता ते वाचण्यात जी मजा आहे ती कादंबरीत नाही. पुस्तक विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, पाटोला सेंट्रल लायब्ररी आहे, १८३२ ची संस्था, आता इमारत नवी, एसी आहे, शनिवारी जाऊन बसा. मी एकदा ऑनलाइन जुनं पुस्तक मागवलं तर मधली सोळा पानं गायब, आणि गायब कुठली तर वेढ्याची! विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. त्या सोळा पानांसाठी शेवटी लायब्ररीतच गेले.

मोडी येते का?

अडखळत. मोडीत शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत, आधी ओळ मारायची आणि मग तिला टांगून लिहीत सुटायचं. तरी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपपेक्षा वाचायला सोपी.

घरच्यांना यात रस आहे का?

आई म्हणते डोळे जातील. आजीला मात्र मी सारखी छळते, १९६१ चं सांग म्हणून. पुस्तकात ऑपरेशन विजय, साधारण छत्तीस तास, सालाझारचा शेवटपर्यंत लढायचा हुकूम, जनरल वासालो ई सिल्वाने तो न पाळता १९ डिसेंबरला पत्करलेली शरणागती. आजीला यातलं काही नाही माहीत. तिला माहीत आहे ते असं की अंगणात मोठ्या भांड्यात भात उकडत ठेवलं होतं, आणि लांबून धडाम आवाज आला, पूल उडवला म्हणाले कुणीतरी, तिच्या आईने घाबरून चुलीवर पाणी ओतलं आणि सगळे आत. दोन दिवसांनी बाहेर आले तर भात आंबलेलं. "केदें भात तें!" अजून हळहळते. मी ते वहीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.

मुलांना असले गेम खेळू द्यावेत का?

मी कोण सांगणारी. माझा भाचा येतो रविवारी, "आत्या, एक गेम फक्त," म्हणतो, आणि त्या एका गेमचे तीन तास होतात. माझा नियम एवढाच, हरलास तर का हरलास ते तोंडाने सांगायचं. परवा म्हणाला, "सैन्य खूप होतं पण खायला नव्हतं." मला इतका आनंद झाला की वहिनी जेवायला हाक मारत होती तरी अजून एक खेळू दिला, आणि मग दोघांनी बोलणी खाल्ली.

लॅपटॉप कुठला?

सेकंड हँड, ८ जीबी रॅम, फॅनचा आवाज भाताच्या गिरणीसारखा. हे गेम्स जुने आहेत, चालतात. लॅपटॉपपेक्षा इन्व्हर्टरवर खर्च करा.

ऑनलाइन खेळायचं का एकदा?

खेळू की. शनिवारी रात्री नऊनंतर, हुमण-शीत खाऊन, भांडी झाल्यावर. पण ऑक्टोबर उजाडू दे. गेल्या जुलैत चौघांच्या टीममध्ये होते, दीड तास बांधलेली भिंत, समोरचा जवळजवळ संपलेला, आणि बाहेर एक वीज कडाडली नि अख्ख्या वाड्यावरची लाइट गेली. इन्व्हर्टरवर लॅपटॉप चालू, राउटरचा प्लग मात्र साध्या बोर्डवर. परत येईपर्यंत सकाळ झाली, पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू येत होता, आणि टीमवाल्यांचे सतरा मेसेज. जून ते सप्टेंबर माझ्या भरवशावर कुणी वेढा घालू नका.